जुने दार, नवे दार
(मंदिराच्या जीर्णोद्धार समारंभानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचे काम पुरे झाले की गावातल्या घरांची कामे निघतात, हा कोकणातला नेहमीचा अनुभव आहे. कळस चढला, सभामंडपाला नवी फरशी बसली, की माणूस घरी जाऊन आपल्या ओटीकडे, वाशांकडे आणि दारांकडे पाहू लागतो. देवाचे घर नीटनेटके झाले, आता माणसांच्या घराकडे पाहावे, असे त्याच्या मनात येते. त्यात गैर काहीच नाही. म्हणूनच आजच्या व्याख्यानासाठी एक अगदी घरगुती विषय घेतला आहे. घराची दुरुस्ती काढल्यावर नवी दारे आणि खिडक्या कशा निवडाव्यात, हा तो विषय.

विषय लहान वाटेल. परंतु 'घर पाहावे बांधून' असे म्हणणाऱ्या पूर्वजांना ठाऊक होते की, घराची खरी परीक्षा अशाच गोष्टींत होते. भिंत एकदा उभी राहिली की तिच्याशी कोणाचा फारसा संबंध येत नाही. दाराला मात्र दिवसातून पन्नास वेळा हात लागतो. खिडकीतून वारा, उजेड, पाऊस, डास आणि शेजाऱ्याची हाक, सर्व काही आत येते. तरीही घराच्या अंदाजपत्रकात दारे-खिडक्या शेवटी येतात. पैसे संपत आलेले असतात, पाऊस तोंडावर आलेला असतो, आणि दुकानात जे तयार मिळेल ते आणून बसवले जाते. त्याचे फळ पुढची पंचवीस-तीस वर्षे घरातली माणसे भोगतात.

आरंभीच एका शब्दाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. या समारंभाचे नाव जीर्णोद्धार. जे जीर्ण झाले त्याचा उद्धार, असा त्याचा सरळ अर्थ. जे जुने ते मोडून टाकणे, असा त्याचा अर्थ कोणत्याही कोशात सापडणार नाही. देवळाच्या बाबतीत हा विवेक सहसा पाळला जातो. जुना खांब धड असेल तर तो ठेवला जातो, कुजला असेल तेवढाच बदलला जातो. घराच्या बाबतीत मात्र तोच माणूस जुने ते सगळे एका दिवसात उपटून काढतो.

एका घराची गोष्ट

कोकणातल्या कोणत्याही वाडीत शोभेल अशा एका घराची गोष्ट समोर ठेवली म्हणजे विषय सोपा होईल. घर चिऱ्याचे, कौलारू, पूर्वेकडे तोंड असलेले. पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर, आणि पश्चिमेच्या अंगाला स्वयंपाकघर. तीन भाऊ, तिघेही मुंबईकडे. घरात बारमाही राहणारी एकटी आई, वय पंचाहत्तरच्या पुढे. गणपतीला सगळे जमले तेव्हा दुरुस्तीचा विषय निघाला. शिमगा झाला की काम सुरू करायचे आणि पावसाआधी संपवायचे, असे ठरले. मेस्त्रींना बोलावणे गेले.

थोरल्याचे म्हणणे, पुढचे दार नवे कोरीव सागवानी करावे, येणाऱ्याजाणाऱ्याने पाहत राहावे. मधल्याला सगळीकडे सरकत्या काचेच्या खिडक्या हव्या होत्या, त्याच्या मुंबईच्या खोलीत आहेत तशा. धाकट्याचा भर सुरक्षिततेवर. घर बंद ठेवायची वेळ आली तर लोखंडी जाळीचे दार हवे, असे तो म्हणे. तिघांनीही आपापले पैसे सांगितले, आणि तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खोटे नव्हते. तेवढ्यात थोरली सून हळूच म्हणाली, "पण आईंना काय हवंय ते विचारलंत का कुणी?"

आई चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "मला काय विचारता? तुमच्या मनाला येईल तसं करा. रात्री उठून मागीलदारी जाते तेव्हा तो उंबरा फार उंच पडतो आताशा, तेवढं बघा. आणि या स्वयंपाकघरातून पाणंद दिसत नाही. कोण आलं, कोण गेलं, काही कळत नाही. दिवस जाता जात नाही."

तिघेही भाऊ गप्प झाले. मेस्त्री म्हणाले, "काकींनी सांगितलं ते आधी वहीत लिहितो. बाकीचं मग बघू."

दारे-खिडक्या निवडण्याचा पहिला नियम मेस्त्रींच्या या वाक्यात आहे. घरात वर्षातले दहा दिवस येणारा माणूस आणि तीनशे पासष्ट दिवस राहणारा माणूस यांच्या गरजा वेगळ्या असतात. पैसे पहिला देतो, म्हणून निवडही त्याचीच होते. येथेच बहुतेक घरांचे चुकते.

जुन्याची पारख

मेस्त्रींनी पहिल्या दिवशी नवीन लाकडाचा भाव सांगितला नाही. हातात टोचा घेऊन ते घरभर फिरले. चौकटीचे पाय, उंबरठ्याचे कोपरे, खिडकीची खालची पट्टी, जेथे पाणी साचते तेथे तेथे त्यांनी टोचा दाबून पाहिला. धड लाकडात टोचा जात नाही. कुजलेल्या किंवा वाळवीने पोखरलेल्या लाकडात तो लोण्यात जावा तसा जातो. नंतर त्यांनी बोटाच्या पेराने ठोकून पाहिले. पोकळ आवाज आला तेथे खडूने खूण केली.

असे पाहिल्यावर बहुधा एकच गोष्ट आढळते. पुढच्या दाराची चौकट वर धड असते आणि जमिनीपासून वीतभर कुजलेली असते. तेवढा भाग कापून खाली नव्या लाकडाचा तिरका जोड देता येतो, किंवा पायाखाली दगडाचा तुकडा बसवता येतो. जुन्या दाराच्या फळ्या गाभ्याच्या लाकडाच्या असतात. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. त्याच सागाचा बाहेरचा फिकट भाग मात्र किडीला आवडतो. आजकाल बाजारात लवकर तोडलेल्या झाडांचे लाकूड बरेच येते, आणि त्यात हा फिकट भाग अधिक असतो. पूर्ण वाढलेल्या झाडाच्या गाभ्याची रुंद फळी आज विकत घ्यायची म्हटली तर डोळे पांढरे होतात. म्हणूनच जुनी दारे विकत घेणारे व्यापारी गावोगाव फिरतात. घरमालक ज्याला अडगळ समजून देतो, ते शहरात रंधा मारून मोठ्या किमतीला विकले जाते.

साग नसेल तरी खंत करण्याचे कारण नाही. कोकणात फणसाच्या लाकडाची दारे पिढ्यान् पिढ्या टिकली आहेत. त्याचा पिवळा गाभा काळाबरोबर तपकिरी होत जातो. ऐन आणि किंजळ ही जड व चिवट लाकडे चौकटीला चालतात. आंब्याचे लाकूड स्वस्त खरे, पण पावसाच्या तोंडी ते देऊ नये. आपल्याच आवारातले झाड तोडायचे असले तरी आधी परवानगी घ्यावी. सागासारख्या अनेक झाडांच्या तोडीवर महाराष्ट्रात 1964 च्या कायद्याने नियंत्रण आहे.

जुन्या दाराबाबत एक धोकाही सांगितला पाहिजे. त्यावर रंगाचे थरांवर थर चढलेले असतात. पूर्वीच्या तेलरंगांत शिसे वापरत असत. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत 90 भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम 2016 साली झाला आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर त्याची धूळ उडते, आणि ती लहान मुलांच्या मेंदूला व गर्भार स्त्रियांना अपायकारक असते. असा रंग पाणी मारून ओला ठेवून खरवडावा, खाली कापड पसरावे, तोंडाला फडके बांधावे आणि मुलांना त्या दिवशी दूर ठेवावे.

या घरात सात दारांपैकी चार धड निघाली. पुढचे दार त्यांतलेच एक. थोरल्याची थोडी निराशा झाली. परंतु रंधा मारल्यावर जुन्या फळीचा रंग बाहेर आला, तेव्हा कोरीव दाराची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

वळचणीचे उपकार

जुनी दारे एवढी वर्षे टिकली ती केवळ लाकडाच्या गुणाने नव्हे. त्यांच्यावर वळचण होती. कौलारू छप्पर भिंतीच्या बाहेर दोन-अडीच हात आलेले असे, पुढे पडवी असे, आणि पागोळ्यांचे पाणी दारापासून दूर पडे. दाराला पाऊस क्वचितच लागे.

अलीकडे कौले काढून स्लॅब टाकतात. स्लॅब भिंतीबरोबर संपतो, फार तर हातभर बाहेर येतो. मग जी खिडकी साठ वर्षे कोरडी होती, ती पहिल्याच मृगात भिजते. दोन वर्षांत ती फुगते, चौथ्या वर्षी झडप लागत नाही, आणि घरमालक म्हणतो, लाकूड वाईट निघाले. वस्तुतः लाकडाचा दोष नसतो. त्याचे छत्र गेलेले असते.

यास्तव खिडकी निवडण्याआधी तिच्या डोक्यावर काय आहे ते पाहावे. कोकणात पावसाळी वारा मुख्यतः पश्चिम आणि नैऋत्येकडून येतो. त्या बाजूच्या प्रत्येक खिडकीवर छज्जा रुंद असावा, आणि त्याच्या खालच्या कडेला एक बारीक खाच असावी, म्हणजे पाणी मागे न वळता तेथेच ठिबकते. खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूस उतार असावा. या दोन गोष्टींना खर्च फार नाही, पण त्या नंतर करता येत नाहीत.

किती उघडे, कोठे उघडे

खिडकी केवढी असावी याला मोजमाप आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेत उष्ण व दमट हवेच्या प्रदेशासाठी खोलीच्या जमिनीच्या क्षेत्रफळाचा निदान एक षष्ठांश भाग खिडक्यांसाठी सांगितला आहे. कोरड्या उष्ण प्रदेशासाठी तो एक दशांश आहे. म्हणजे कोकणातल्या 10 फूट गुणिले 12 फुटांच्या खोलीला 20 चौरस फुटांची खिडकी हवी. ती एकच मोठी करण्यापेक्षा 4 फूट उंच व अडीच फूट रुंद अशा दोन कराव्यात, आणि शक्यतो दोन वेगवेगळ्या भिंतींत कराव्यात. वाऱ्याला येण्याची वाट असून जाण्याची नसेल, तर तो आत येतच नाही. ऊन हवा वर चढते, म्हणून भिंतीच्या माथ्याशी एखादा झरोका ठेवला की खोली निवते.

येथे सरकत्या खिडकीचा विचार करावा लागतो. दोन झडपांची सरकती खिडकी कितीही मोठी असली, तरी एका वेळी तिचा अर्धाच भाग उघडतो. वीस चौरस फुटांची खिडकी बसवून वारा दहा फुटांचाच मिळतो. बिजागरीवर उघडणारी खिडकी पूर्ण उघडते. सरकत्या खिडकीच्या खालच्या रुळात पाणी बाहेर जाण्यासाठी छिद्रे असतात. ती धुळीने बुजली की रुळात पाणी भरते आणि घरात उतरते. मुंबईतल्या अरुंद गॅलरीत, जेथे झडप उघडायला जागा नाही, तेथे ती सोयीची आहे. गावातल्या मोकळ्या भिंतीत तिचे विशेष काम नाही. मधल्या भावाला मेस्त्रींनी हे गणित जमिनीवर खडूने काढून दाखवले. शेवटी पडवीलगतच्या एका खोलीत, जेथे येण्याजाण्याच्या वाटेत झडप आडवी आली असती, तेथे तेवढी एक सरकती खिडकी ठेवली.

स्वयंपाकघराची गोष्ट वेगळी सांगावी लागते, कारण घरातल्या स्त्रियांचे निम्मे आयुष्य तेथे जाते. जुन्या घरांत स्वयंपाकघराला हातभर खिडकी असे आणि सारा धूर डोळ्यांत जाई. किती आज्यांचे डोळे त्या धुराने गेले आणि किती जणींना खोकला जडला, याची मोजदाद कोणी केली नाही. आता गॅस आला, म्हणून खिडकीची गरज संपली असे मानणारेही आहेत. तसे नाही. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो. नळी गळू लागली तर तो वर न जाता जमिनीवर पसरतो. धूर जाण्यासाठी वर झरोका हवा, तशीच गळलेला गॅस जाण्यासाठी जमिनीलगतही जाळी हवी, किंवा थेट अंगणात उघडणारे दार तरी हवे. वीतभर जाळीची ही गोष्ट आहे, पण तिच्यावर जीव अवलंबून असतो.

उंचीचाही विचार करावा. सोयीसाठी सगळ्या खिडक्या जमिनीपासून साडेतीन फुटांवर बसवतात. उभ्या माणसाला ते ठीक. पण पाटावर बसून भाजी निवडणाऱ्या बाईला त्या खिडकीतून आभाळाखेरीज काही दिसत नाही. जुन्या माजघरातल्या खिडक्या बसल्या नजरेच्या असत, आणि त्यांना उभे गज असत. त्यामागे विचार होता. लहान मुले असलेल्या घरात खिडकी खाली घ्यायची तर गजांमधले अंतर चार इंचांपेक्षा अधिक ठेवू नये.

लाकूड, लोखंड की आणखी काही

आता जिन्नस कोणता घ्यावा हा प्रश्न. एकच उत्तर सगळीकडे लागू पडत नाही.

घन लाकडाचे दार उत्तम, पण लाकूड जिवंत असल्यासारखे वागते. पावसाळ्यात ते ओलावा पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. हे फुगणे रुंदीत होते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणूनच जुन्या सुतारांनी पॅनेलचे दार शोधले. बाहेरची चौकट अरुंद पट्ट्यांची, आणि मधली रुंद फळी खाचेत मोकळी बसवलेली. ती फळी आतल्या आत फुगते आणि आकसते, दाराचे माप बदलत नाही. ती फळी सरस लावून पक्की केली तर तडकते. त्याचप्रमाणे मे महिन्यात घट्ट बसवलेले दार आषाढात अडते. कड तासून ते मोकळे केले की पुढच्या चैत्रात फट दिसते. काम उन्हाळ्यात असेल तर दार आणि चौकट यांत दोन नाणी उभी राहतील एवढी जागा सोडावी.

फ्लश डोअर आतल्या खोल्यांना चालते. मात्र न्हाणीघराला साध्या प्लायवुडचे दार लावू नये. त्याची खालची कड पाणी पिते आणि पापुद्रे सुटतात. तेथे फायबरचे किंवा पीव्हीसीचे दार बरे. ॲल्युमिनियम हलके आणि कुजत नाही, पण समुद्राच्या खाऱ्या हवेत त्यालाही ठिपके पडतात, म्हणून वर पावडर कोटिंग चांगले असावे. साधे लोखंड खाऱ्या हवेत दर वर्षी रंग मागते. यूपीव्हीसीच्या खिडक्या गंजत नाहीत आणि कुजत नाहीत, मात्र त्यांच्या पोकळीत पोलादी पट्टी घातली आहे की नाही ते विचारून घ्यावे. हलक्या प्रतीच्या उन्हाने पिवळ्या पडतात. बिजागऱ्या आणि कड्या पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. हजारोंचे दार आणि दहा रुपयांची बिजागरी, हा व्यवहार हमखास बुडीत जातो.

काम चालू असता मालकाने तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात. पहिली, चौकटीची भिंतीला टेकणारी बाजू बसवण्यापूर्वी रंगवली आहे का. ती नंतर कधीच दिसत नाही, आणि भिंतीतली ओल तेथूनच शिरते. दुसरी, दाराची वरची आणि खालची कड रंगवली आहे का. डोळ्यांना दिसत नाही म्हणून ती कोरीच राहते, आणि पाणी सर्वांत अधिक तेथूनच प्यायले जाते. तिसरी, स्क्रू पिळून बसवले आहेत की हातोडीने ठोकले आहेत. ठोकलेला स्क्रू खिळ्याइतकाही धरत नाही.

मूळचे इंग्लंडचे, परंतु भारतात येऊन राहिलेले आणि केरळात आपले बहुतेक काम केलेले वास्तुविशारद लॉरी बेकर (1917–2007) मोडलेल्या घरांची जुनी दारे-खिडक्या नव्या घरांत वापरत. साध्या भिंतीपेक्षा खिडकी महाग पडते, हे ओळखून त्यांनी जेथे केवळ वारा आणि उजेड हवा तेथे विटांची जाळी रचली. चिऱ्याच्या प्रदेशात हे सहज करता येण्यासारखे आहे. कोठीच्या खोलीला, जिन्याला, न्हाणीला खिडकीऐवजी जाळी केली तर पैसे वाचतात, आणि ते महत्त्वाच्या दाराला लावता येतात.

वादळाचा धडा

3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' कोकण किनाऱ्याला घासून गेले. सुपारीच्या आणि नारळाच्या बागा झोपल्या, घरांची छपरे उडाली. अशा वादळात छपराचा संबंध दारा-खिडक्यांशी असतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. वाऱ्याच्या बाजूची खिडकी फुटली किंवा दार उघडले, की वारा घरात कोंडतो आणि छपराला आतून वर रेटतो. बाहेरून वारा त्याच छपराला वर ओढत असतोच. दोन्ही बळे एकत्र झाली की कौले आणि पत्रे उडतात.

म्हणून समुद्राकडच्या खिडक्यांना काचेच्या बाहेर लाकडी झडपा असाव्यात आणि त्यांना वर-खाली दोन खिट्ट्या असाव्यात. जुन्या घरांत दाराला आतून आडवा अडसर असे, भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत सरकणारा. तो चोरासाठी होता तितकाच वादळासाठीही होता. नवे दार करताना अडसराची भोके बुजवू नयेत.

धाकट्या भावाची लोखंडी जाळीची सूचनाही मेस्त्रींनी मान्य केली. मात्र निदान एका खिडकीची जाळी आतून उघडणारी ठेवली. आग लागली तर बाहेर पडायला वाट हवी. चोर बाहेर राहावा यासाठी केलेल्या बंदोबस्तात घरचाच माणूस अडकू नये.

माणसासाठी दार

आता आईचा उंबरठा. जुना उंबरठा उंच असे तो उगाच नव्हे. पावसाचे पाणी, विंचू, साप यांना तो अडवी. भक्त प्रल्हादाच्या कथेतही उंबरठ्याला मोठे स्थान आहे. नरसिंहाने हिरण्यकशिपूला घरात नाही आणि घराबाहेर नाही, अशा त्या जागी धरले. त्यामुळे उंबरठा काढून टाका असे म्हटले की वडील मंडळी बिचकतात. काढण्याची गरजही नाही. मेस्त्रींनी मागीलदारचा उंबरठा दोन इंचांवर आणला, बाहेरची जमीन त्याहून खाली घेऊन पाणी उताराने पन्हळीत सोडले, आणि दोन्ही अंगांना हाताला धरायला जाड लाकडी मूठ बसवली. दाराच्या बाहेर बसकी, रुंद पायरी केली. रात्रीच्या दिव्याचे बटण दाराच्या आतच, हाताशी घेतले.

शौचालयाच्या दाराचा विचार त्यांनी विशेष केला. हे दार बहुतेक ठिकाणी आत उघडते. वृद्ध माणूस आत घेरी येऊन पडला तर त्याच्याच अंगाने दार अडते आणि बाहेरच्यांना ते उघडता येत नाही. म्हणून वृद्धांच्या घरी ते बाहेर उघडणारे असावे, आणि कडी बाहेरूनही उघडता येईल अशी असावी. रुंदीही सव्वादोन फुटांची न ठेवता तीन फूट ठेवावी. आज धडधाकट असलेला माणूस उद्या काठी घेईल, परवा कदाचित चाकांच्या खुर्चीत बसेल. भिंत फोडून दार रुंद करण्याचा खर्च तेव्हा करण्यापेक्षा आताच विटेचा एक थर कमी रचावा.

दाराचा विषय निघाला की पंढरपूरची आठवण होणे साहजिक आहे. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे. आयुष्यभर ज्यांना त्या दारातून आत जाता आले नाही, त्यांना जागा मिळाली ती दाराबाहेर. ते दार सर्वांना खुले व्हावे म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केले आणि ते खुले झाले. दाराचे लाकूड कोणते होते हे कोणाच्या लक्षात नाही. ते कोणाला उघडले आणि कोणाला नाही, हे मात्र पिढ्यान् पिढ्या विसरले गेले नाही. घराच्या दारालाही हाच न्याय लागतो. पुढचे दार पाहुण्यांना आणि मागचे दार कामकरी माणसांना, अशी वाटणी ज्या घरात अजून असेल, त्या घराने दुरुस्तीच्या वेळी तिचाही विचार करावा.

शेवट

त्या घराचे काम मे अखेर संपले. पुढचे दार तेच राहिले, फक्त चौकटीचे पाय नवे झाले. स्वयंपाकघराची पश्चिमेची खिडकी चौपट मोठी झाली, तिची कड खाली घेतली, बाहेर लाकडी झडपा लागल्या, आणि तिच्यावर कौलांची वळचण तीन हात पुढे काढली. कोरीव दाराचे वाचलेले पैसे त्या वळचणीत गेले. थोरला म्हणाला, "एवढे पैसे घालून दिसण्यासारखं काहीच झालं नाही." त्यावर धाकटा म्हणाला, "दादा, आई काय करतेय बघ."

आई पाटावर बसून कोकमे फोडत होती. गजांतून पाणंद दिसत होती. डोक्यावर भारा घेतलेली शेजारीण वाटेने जात होती, आणि आईने तिला आतूनच हाक मारली, "अगो, चहा घेऊन जा." शेजारीण भारा टेकवून मागच्या दाराने आत आली. तो नवा बसका उंबरठा तिनेच पहिल्यांदा ओलांडला.

ग्रामस्थहो, घरांची कामे निघतील तेव्हा दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. हातात टोचा घेऊन जुने तपासावे. आभाळाकडे पाहून पाऊस आणि वारा कोठून येतो ते ठरवावे. आणि घरात बारमाही राहणाऱ्या माणसाला विचारावे, की तुम्हांला कोठून काय दिसायला हवे आणि कोठून कसे जाता यायला हवे. त्यानंतर साग घ्यावा की फणस, काच घ्यावी की जाळी, हे प्रश्न उरतात, आणि ते चांगला मेस्त्री सोडवतो.

देवळाच्या जीर्णोद्धारासाठी गावाने जे श्रम केले त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. तोच विवेक गावातल्या प्रत्येक घराच्या दारापर्यंत पोहोचो, आणि त्या दारांआड राहणाऱ्या वृद्ध आई-वडिलांपर्यंतही पोहोचो, एवढी इच्छा प्रकट करून हे व्याख्यान येथे पुरे होत आहे.